वाचकाचा वेळ वाचवा

ग्रंथालयात संगणकाचे काम पाहणारा मनुष्य ग्रंथपालांना संगणकवाला वाटतो आणि संगणकवाल्यांना ग्रंथपाल. परिणामी चहाच्या वेळी तो दुसऱ्या विभागात असेल असे दोन्हीकडे गृहीत धरले जाते आणि त्याचा कप कोठेच मांडला जात नाही. वर्षाचा बहुतेक काळ प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढणे, वाय-फायचा पासवर्ड सांगणे आणि कोणाच्या तरी पुतण्याच्या प्रवेशअर्जातील छायाचित्र पन्नास केबीच्या आत बसवून देणे, एवढेच त्याचे तंत्रज्ञान असते. मग एके दिवशी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असल्याचे पत्र येते आणि महाविद्यालयाच्या ध्यानात येते की ग्रंथालयात कोणती संगणकप्रणाली आहे, तिची आवृत्ती कोणती, स्वयंचलन पूर्ण झाले आहे की अंशतः, आणि ते कोणत्या वर्षी झाले, हे सारे अहवालात लिहावयाचे आहे. आणि ही माहिती असणाऱ्या एकमेव इसमाला नुकतेच सभागृहातील खुर्च्या मोजण्यासाठी पाठवलेले आहे.

कोकण विभागातील अशा साऱ्या उपेक्षितांनी वर्षातून एकदा एकत्र जमावे, एकमेकांच्या अडचणी ऐकाव्यात आणि आपण एकटेच नाही एवढे समाधान तरी घरी न्यावे, यासाठी आमचा विभागीय मेळावा असतो. यंदा त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली. ‘या वर्षी कोण पाहील?’ असा प्रश्न बैठकीत निघताच सर्वांनी एकाच क्षणी आपापला मोबाइल पाहायला सुरुवात केली, आणि माझ्या मोबाइलची बॅटरी नेमकी उतरलेली होती.

मेळावा कशासाठी घ्यायचा याबद्दल माझ्या मनात मात्र तिळमात्र संदेह नव्हता. मराठी पुस्तक मराठीत शोधले असता सापडत नाही, या एका प्रश्नावर सर्वांनी दीड तास बसून काही तोड काढावी, एवढीच माझी इच्छा होती. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. वाचक संगणकावर ‘दऱ्या’ हा शब्द टंकतो, पडद्यावर ‘एकही नोंद आढळली नाही’ असे उत्तर उमटते, आणि ते पुस्तक त्याच वेळी त्याच्या पाठीमागच्या कपाटात सुखाने उभे असते. याचे कारण असे की हा आखूड, मिशीसारखा दिसणारा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, दोन प्रकारे लिहिता येतो: साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण, म्हणजे जॉइनर, ठेवायची, किंवा खाली टिंब, म्हणजे नुक्ता, असलेला स्वतंत्र ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. डोळ्यांना दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र त्यांची एकमेकांशी ओळखही नसते. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच कथा. ते युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. त्याआधीच्या नोंदी करणाऱ्यांनी साध्या अ च्या डोक्यावर चंद्र चढवून वेळ मारून नेली होती, त्यामुळे जुन्या नोंदींतील सगळे ॲडव्होकेट नव्या शोधातून निर्दोष सुटतात.

लेखकांच्या नावांचा घोळ आणखी वेगळा. एकच मनुष्य कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहितो आणि नाटके ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने, तेव्हा दोन्ही नावे एकमेकांकडे बोट दाखवतील अशी सोय सूचीत करून ठेवावी लागते, आणि ती सोय ज्याने करायची तो सहायक ग्रंथपाल त्या वेळी निवडणुकीच्या कामावर असतो. शिवाय ‘वि.’ आणि ‘वा.’ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी की नाही, या मतभेदामुळे आमच्या विभागातील दोन ज्येष्ठ सूचिकार एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना एका खोलीत आणणे हाही मेळाव्याचा एक छुपा हेतू होता.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतील चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. आमच्या प्रत्येक ग्रंथालयात तो भिंतीवर लावलेला असतो. ज्या लोकांनी हा सिद्धांत परीक्षेत लिहून पदव्या मिळवल्या, त्यांच्याकडून दीड तास मिळवणे अवघड जाईल असे मला वाटण्याचे काही कारण नव्हते.

पहिला प्रश्न स्थळाचा निघाला. मेळावा ठाण्यात घ्यावा की नवी मुंबईत, यावर ज्या वाटाघाटी झाल्या त्या पाहता आपण लग्नाच्या याद्यांच्या बैठकीला बसलो आहोत की काय, असा भास होत होता. ठाणेकरांचे म्हणणे असे की देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघून ठाण्यालाच आली होती, त्या अर्थी लोकांनी ठाण्याला येण्याची रीत जुनी आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ साली स्थापन झाले, तेव्हा पलीकडच्या बाजूला मिठागरे आणि भातखाचरे होती. आणि मेळावा आटोपल्यावर तलावपाळीला फेरी मारून मिसळ खाण्याची सोय अन्यत्र नाही. नवी मुंबईकरांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मोटार कोठे लावायची, एवढेच विचारले. यावर ठाणेकरांनी १८५३ च्या आगगाडीचा मुद्दा पुन्हा एकदा मांडला.

नवी मुंबईची बाजूही निर्वेध नव्हती. सिडकोने १९७० नंतर हे शहर वसवताना त्याचे सेक्टर पाडले आणि त्यांना क्रमांक दिले, ही गोष्ट आमच्या व्यवसायातील कोणालाही आवडावी अशीच आहे; परंतु हे क्रमांक प्रत्येक उपनगरात नव्याने सुरू होतात. सेक्टर पंधरा वाशीत आहे, बेलापूरमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. विषय सांगणारा वर्गांक न लिहिता नुसता ग्रंथांक लिहून पुस्तक मांडावे, त्यातला हा प्रकार. मागील एका कार्यशाळेच्या वेळी पत्रिकेवर सेक्टर छापले होते आणि उपनगर राहून गेले होते; त्या दिवशी प्रमुख वक्ते एका भलत्याच उपनगरातील त्याच क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एका दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात बराच वेळ बसून होते, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार तेथील व्यवस्था चांगली होती.

त्यातच पालघरची मंडळी म्हणाली की आम्हांला दोन्ही सारखेच लांब आहे, त्यामुळे वसईत घ्या. पनवेलच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘नवी मुंबई म्हटलं की तुम्ही सगळे वाशीलाच थांबता, पुढं पण माणसं राहतात.’’ कोकण विभाग म्हटला की कागदोपत्री सात जिल्हे येतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे लोक इतक्या लांब कशाला येतील, असे म्हणून त्यांच्या सोयीचा विचार कोणी केला नाही, आणि नोंदणी सुरू झाल्यावर सर्वांत पहिला अर्ज सावंतवाडीहून आला.

अखेर ऐरोली ठरली. मुलुंडकडून येणाऱ्यांना १९९९ पासून पूल आहे, ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल २००४ पासून आहे, महापालिका नवी मुंबईची आहे आणि जिल्हा ठाण्याचा. डोंबिवलीच्या सरांनी विचारले, ‘‘म्हणजे नक्की कुठं झाला मेळावा? ठाण्यात की नवी मुंबईत?’’ त्यांना सांगण्यात आले, ‘‘सर, ज्याला जे हवं ते समजायचं.’’ ऐरोलीच्या बाजूने निर्णायक ठरलेला मुद्दा मात्र निराळाच होता. ती सर्वांना सारख्याच प्रमाणात गैरसोयीची होती, आणि सार्वजनिक कार्यात यापेक्षा मोठा न्याय नसतो.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्यापैकी पुष्कळ जण ‘कोहा’ नावाची जी मुक्तस्रोत प्रणाली वापरतात, ती न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ नावाच्या एका ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी तयार झाली. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. १९९९ च्या उत्तरार्धात नव्या प्रणालीचे काम हाती घेतले गेले आणि जानेवारी २००० मध्ये ती चालूही झाली. तेवढ्याच अवधीत आम्ही ऐरोलीपर्यंत पोहोचलो होतो.

दिवस ठरवताना प्रथम १२ ऑगस्ट सुचवण्यात आला. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त हा दिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, म्हणून सूचना तशी सुंदर होती. पण त्या दिवशी प्रत्येक ग्रंथपालाला आपल्याच ग्रंथालयात त्यांच्या प्रतिमेला हार घालायचा असतो आणि प्राचार्यांकडून ग्रंथालयाचे महत्त्व ऐकायचे असते. ज्या दिवशी एकही ग्रंथपाल मोकळा नसतो असा वर्षातला हा एकमेव दिवस. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी, सत्रपरीक्षा. रविवार सर्वांना मोकळा असतो, परंतु रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि तो कोणत्या मार्गावर आहे हे आठवडा संपता संपता कळते. त्यामुळे रविवारचा कार्यक्रम ठरवणाऱ्याला निमंत्रणपत्रिकेत ‘सकाळी दहा वाजता’ याच्यापुढे ‘रुळांच्या कृपेने’ असे लिहावे लागेल. शनिवारी महाविद्यालयातून सोडत नाहीत. सोडायचे झाल्यास कर्तव्यार्थ उपस्थितीचे पत्र लागते, ते पत्र आयोजकांनी द्यायचे असते, आणि आयोजक म्हणून मी दिलेले पत्र माझेच प्राचार्य ग्राह्य धरत नाहीत. जानेवारीतील एक शनिवार ठरला. तो कोणालाच सोयीचा नसल्याने त्यावर चर्चा झाली नाही.

यानंतर निबंध आणि सादरीकरणे मागवण्यात आली. आलेल्या प्रस्तावांपैकी एक सोडून सर्वांच्या शीर्षकात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द होते, आणि बहुतेकांत त्यांच्या जोडीला ‘भवितव्य’, ‘आव्हाने’ आणि ‘संधी’ होत्या. माझा कृत्रिम बुद्धिमत्तेला विरोध नाही. परंतु ज्या ग्रंथालयाच्या सर्व्हरचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर असतो, आणि तो पेन ड्राइव्ह ज्या कपाटात असतो त्याची किल्ली निवृत्त झालेल्या लिपिकाबरोबर गुहागरला गेलेली असते, त्या ग्रंथालयाने भवितव्याकडे जरा बेताबेताने पाहावे असे मला वाटते. उरलेला एक प्रस्ताव एका तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आला होता, आणि त्याचे शीर्षक होते: ‘वीज गेली असता देवघेव कशी चालू ठेवावी’. वीज जाताच निर्गम सहायक कोणती वही उघडतो, त्या वहीत किती रकाने असतात, वीज आल्यावर त्या नोंदी प्रणालीत कोण चढवतो आणि चढवल्या की वहीतल्या ओळीवर लाल पेन्सिलीने आडवी रेघ कशी मारतो, हे सारे त्या गृहस्थांनी दीड पानात लिहिले होते. सोबत वहीच्या एका पानाचे मोबाइलने काढलेले छायाचित्र होते. त्यात एका सभासदाच्या नावापुढे ‘पुस्तक पावसात भिजले, वाळवून देतो म्हणाले’ असा शेरा होता. सगळ्या प्रस्तावांत मला मनापासून ऐकावासा वाटलेला हा एकच. समितीने त्याला तांत्रिक मूल्य कमी असल्याचा अभिप्राय दिला. पुष्कळ वाद घालून मी त्यांच्यासाठी दहा मिनिटे मिळवली, ती अर्थातच माझ्या दीड तासातून.

दीड तासाच्या क्षयाला येथून सुरुवात झाली. कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा घेऊन मी बैठकीला गेलो तेव्हा त्यात ‘मराठी शोध: अडचणी व उपाय’ हे सत्र सकाळी साडेदहा वाजता होते. आमच्या अध्यक्षांनी तो मसुदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘छान आहे. पण यात उद्घाटन कुठं आहे?’’ मी म्हणालो की आपण सारे एकमेकांना ओळखतो, थेट कामालाच बसावे. यावर खोलीत जी शांतता पसरली ती आमच्या वाचनकक्षातही सहसा अनुभवायला मिळत नाही.

मग उद्घाटन आले. उद्घाटन आले म्हणजे उद्घाटक आले, आणि उद्घाटक आले म्हणजे त्यांच्यापेक्षा एक पायरी वरचे अध्यक्ष आणि एक पायरी खालचे प्रमुख पाहुणे आले. ज्या संस्थेचे सभागृह मिळाले तिचे विश्वस्त आले, त्यांच्यापैकी एकालाच बोलावले तर उरलेले रागावतील म्हणून उरलेलेही आले. ज्यांनी पाण्याच्या बाटल्या प्रायोजित केल्या त्यांनी ‘दोन शब्द’ मागितले. रंगनाथन यांचा पाचवा सिद्धांत असा की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. मान्यवरांच्या यादीकडे पाहिल्यावर या सिद्धांताची व्याप्ती त्यांनी फारच मर्यादित ठेवली असे मला वाटू लागले. चौथ्या सिद्धांताचे नाव काढण्याचा प्रयत्न मी एकदा केला. कोषाध्यक्षांनी उत्तर दिले की वेळ वाचकाचा वाचवायचा आहे, मेळाव्याला येणारे वाचक नव्हेत.

दीपप्रज्वलनाचा प्रश्न तर स्वतंत्र बैठक घेऊन सोडवावा लागला. सभागृह वातानुकूलित होते आणि छताला धूर ओळखणारी यंत्रणा होती, म्हणून उघडी ज्योत लावण्यास तेथे मनाई होती. कोणीतरी बाजारात मिळणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या पणत्या सुचवल्या. त्यावर प्रश्न आला की उद्घाटकांनी मग काय करायचे? त्यांच्या हस्ते कळ दाबण्यात यावी, असे ठरले. पण समईला पाच वाती असल्याने पाच मान्यवरांची सोय होत असे, आणि पणतीला कळ एकच असते. शेवटी पाच पणत्या आणण्याचा निर्णय झाला आणि सुटे सेल आणण्याचे काम, मी तंत्रज्ञ असल्यामुळे, माझ्याकडे सोपवण्यात आले.

सत्काराच्या बाबतीत आमची मंडळी पुरोगामी आहेत. ‘बुके नको, बुक द्या’ हे आम्ही केव्हाच स्वीकारले आहे. त्याचा परिणाम असा होतो की विभागातील प्रत्येक मान्यवराच्या घरी आम्ही दिलेल्या पुस्तकांचा एक कप्पा तयार होतो, आणि काही वर्षांनी घर आवरताना तो सबंध कप्पा देणगी म्हणून आमच्याच एखाद्या ग्रंथालयात येतो. पहिल्या पानावर आमचाच शिक्का, आमचीच सत्काराची ओळ. मग त्या देणगीबद्दल देणगीदाराचा सत्कार करावा लागतो, आणि तो पुस्तक देऊनच करतात.

एवढे सगळे बसवल्यावर माझे सत्र दुपारच्या जेवणानंतर गेले, आणि जेवणानंतर समारोप असल्यामुळे ते दीड तासावरून पाऊण तासावर आले. समारोपात मनोगते असावीत असे ठरल्यावर पाऊण तासाची पंचवीस मिनिटे झाली. आभारप्रदर्शन करणाऱ्या गृहस्थांची ख्याती ज्यांना ठाऊक आहे ते सांगतील की या पंचवीस मिनिटांचाही भरवसा नव्हता. हे गृहस्थ ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचे आभार मानतात आणि त्याच्या वडिलांच्या आठवणीही सांगतात.

जेवणाविषयी फारसे लिहीत नाही. पुरी की पोळी, यावर झालेल्या चर्चेला वर्गीकरण समितीचे गांभीर्य होते, शनिवारचा उपास करणाऱ्यांची संख्या साबुदाणा खिचडी दिसल्यावर वाढते हे जाणून ती जास्त सांगितली होती, आणि जैन जेवण मागणाऱ्यांपैकी कोणीही जैन नव्हते, त्यांना फक्त ती रांग लहान असते हे माहीत होते.

नोंदणीचा अर्ज मात्र थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्याने माझ्या सत्राची आवश्यकता माझ्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने सिद्ध केली. अर्जात पहिलाच रकाना ‘नाव’ असा होता. आयुष्यभर दुसऱ्यांची नावे आडनाव, स्वल्पविराम, पहिले नाव या क्रमाने लिहिण्यात ज्यांचे केस पिकले, स्वल्पविरामाची जागा चुकली म्हणून ज्यांनी कनिष्ठांची पत्रके फाडली, त्या मंडळींनी स्वतःचे नाव लिहिताना कल्पनेला पूर्ण मोकळीक दिली होती. कोणी आडनाव आधी लिहिले होते, कोणी नुसतेच आडनाव, कोणी ‘सौ.’ हे नावातच धरले होते, कोणी पदवी नावाला जोडून मध्ये मोकळी जागा सोडली नव्हती. एका सरांनी एकदा मराठीत, एकदा रोमन लिपीत आणि एकदा पुन्हा मराठीत, पण आद्याक्षरांनी, अशी आपली नोंदणी केली होती, आणि संगणकाच्या हिशेबाने त्यांच्यासाठी तीन जेवणे सांगितली गेली होती. ‘भोजन घेणार का?’ या प्रश्नाला ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय द्यायला हवे होते, असे कोषाध्यक्ष आता म्हणतात. मोकळी चौकट त्यांनीच मागितली होती, आणि तिच्यात निम्म्या लोकांनी ‘बघू’ असे लिहिले.

ही यादी घेऊन मी प्रमाणपत्रे छापण्यासाठी ठाणे स्थानकाजवळच्या एका गल्लीतील छपाईच्या दुकानात गेलो. प्रमाणपत्र हा मेळाव्याचा आत्मा असतो. माणसे व्याख्यान चुकवतील, पण प्रमाणपत्र चुकवणार नाहीत. दुकानातील डीटीपी करणारा मुलगा लग्नपत्रिकांच्या ढिगाआड बसला होता. माझी यादी युनिकोडमध्ये होती आणि त्याचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे. यादी त्याने आपल्या पानावर चिकटवली तेव्हा पहिल्या नावातील वेलांटी दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसली, ‘र्वे’ वरचा रफार उडून पुढच्या ओळीत गेला आणि ‘कऱ्हाडकर’ या आडनावाच्या जागी दोन चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह उमटले. मी त्याला या अर्ध्या र ची दोन रूपे समजावून सांगायला लागलो. त्याने मान वर न करता विचारले, ‘‘काका, तुमचा मिशीवाला र जॉइनरचा आहे की नुक्त्याचा?’’ मी अवाक झालो. दोन्ही प्रकार मिसळलेले आहेत असे सांगितल्यावर त्याने एक छोटा प्रोग्रॅम चालवला, जो त्याने स्वतःच, पत्रिकांवरील आडनावांसाठी तयार केलेला होता, कारण आडनाव चुकले की मुलाकडचे लोक पैसे देत नाहीत. पाहता पाहता यादी सरळ झाली. ‘ॲ’ सुद्धा.

आमच्या मेळाव्यात येऊन हेच पंधरा मिनिटे सांगशील का, असे मी त्याला तेथल्या तेथे विचारले. त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. ‘‘शनिवारी? दोन मुहूर्त आहेत काका. मानधन किती देता?’’ आमच्याकडे मानधन नसते, शाल आणि पुस्तक असते, असे मी सांगितले. तो हसला, आणि माझ्याकडून प्रमाणपत्रांची आगाऊ रक्कम घेतली. त्याचा प्रोग्रॅम मात्र त्याने माझ्या पेन ड्राइव्हवर घालून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. समितीला मी हे सांगितले तेव्हा अध्यक्षांनी त्या मुलाची शैक्षणिक पात्रता विचारली.

आता एवढे मौल्यवान अस्त्र हाती आल्यावर पंचवीस मिनिटे मला फारच अपुरी वाटू लागली. दोन्ही र, दोन्ही ॲ, शिरवाडकरांची दोन नावे, विजेच्या वहीचे दहा मिनिटांचे सादरीकरण आणि न बोलणाऱ्या दोन सूचिकारांचा समेट, हे सारे पंचवीस मिनिटांत बसवणे पन्नास केबीत छायाचित्र बसवण्याहून कठीण होते. मी पत्रिका पुन्हा पुन्हा पाहिली. स्वागतगीत काढता येईना, कारण ते विश्वस्तांच्या सुनेचे होते. प्रास्ताविक काढता येईना, कारण ते माझेच होते आणि त्यात सर्व मान्यवरांची नावे घ्यायची होती.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी सेल घालून पाचही पणत्या तपासत बसलो होतो, तेव्हा उद्घाटकांच्या स्वीय सहायकांचा दूरध्वनी आला. साहेबांना सकाळी दादरला दुसरा कार्यक्रम निघाला आहे, ते दहाला पोहोचू शकणार नाहीत, बारापर्यंत नक्की येतील, तोवर कार्यक्रम थांबवून ठेवावा आणि लोकांना काहीतरी करून बसवून ठेवावे, असा निरोप होता. मी अध्यक्षांना कळवले. ते फार अस्वस्थ झाले. उद्घाटनाखेरीज मेळावा सुरू करणे अशुभ, आणि दोन तास श्रोत्यांना नुसते बसवणे अशक्य. ‘‘काहीतरी फुटकळ ठेवा हो तेवढ्या वेळात,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं ते र बिर काय आहे ते घ्या.’’

म्हणजे दहा ते बारा. मी ताबडतोब सर्वांना संदेश पाठवला की मराठी शोधाचे सत्र सकाळी दहाला सुरू होईल, वहीवाल्या गृहस्थांना दहाची वीस मिनिटे केल्याचे कळवले, आणि दोन्ही सूचिकारांच्या खुर्च्या शेजारी शेजारी ठेवण्याची व्यवस्था केली. तेवढ्यात स्वीय सहायकांचा पुन्हा दूरध्वनी आला. साहेबांनी दादरचा कार्यक्रम लवकर आटोपता घेण्याचे मनावर घेतले होते, आणि ऐरोलीला येण्यासाठी मुलुंडवरून पुलाने यावे की आणखी कोणता रस्ता बरा, अशी विचारणा होती. साहेबांनी आमच्यासाठी मुळीच धावपळ करू नये, असे मी त्यांना अत्यंत आदरपूर्वक सांगितले. आणि रस्त्याचेच म्हणाल तर पश्चिम द्रुतगती मार्गाने वर जाऊन घोडबंदर रस्त्याने यावे, थोडा वळसा पडतो खरा, पण वाटेत राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर फार सुरेख दिसतात, आणि ते सावकाश पाहायला मिळतात.